बटण दाबण्याआधी : किशोरांना ऑनलाइन सुरक्षितता कशी शिकवावी?

सातवी-आठवीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : ‘मोबाइल वापरताना कोणती काळजी घ्यावी?’ उत्तरे भराभर येतात. अनोळखी माणसाशी बोलू नये, पासवर्ड कोणाला सांगू नये, फोटो टाकू नयेत, खोटे संदेश पुढे पाठवू नयेत. सगळी उत्तरे बरोबर असतात. मग दुसरा प्रश्न विचारा : ‘का?’ आता वर्ग थोडा शांत होतो. ‘धोका असतो म्हणून’, ‘हॅक होतं म्हणून’, ‘सरांनी सांगितलं म्हणून’ अशी उत्तरे येऊ लागतात. धोका नेमका कोठे निर्माण होतो आणि कसा, हे फार थोड्या मुलांना सांगता येते.

विज्ञानाच्या शिक्षकाला ही परिस्थिती नवी नाही. ‘ओल्या हाताने विजेच्या बटणाला हात लावू नये’ हा नियम प्रत्येक मुलाला पाठ असतो. पण पाण्यातून आणि शरीरातून वीज कशी वाहते हे ज्याला कळले आहे, ते मूल ओल्या भिंतीपाशी किंवा तुटून लोंबणाऱ्या तारेपाशीही स्वतःहून सावध होते. नियम एका प्रसंगापुरता असतो; कारण समजले की ते न पाहिलेल्या प्रसंगातही उपयोगी पडते. मोबाइलच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आज मुले जे अ‍ॅप वापरतात ते दोन वर्षांनी कदाचित वापरात नसेल. त्याविषयीचे नियमही त्याबरोबरच शिळे होतील. पण संदेशाची प्रत कशी निघते, अंदाज करून कुलूप कसे उघडते, अफवा कशी वाढते, या गोष्टी बदलणार नाहीत.

हा विषय संगणकाच्या तासापुरता राहिलेला नाही. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून लाखो घरांत मुलांच्या हाती मोबाइल आला. अनेक घरांत तो आजही एकच आहे. आईचा, वडिलांचा आणि मुलांचा मिळून. त्यावरचा ओटीपी वाचून दाखवणे, फॉर्म भरणे, गॅसचा नंबर लावणे ही कामे सातवी-आठवीतली मुलेच करतात. म्हणजे या वयाच्या मुलाला आपण जे शिकवू ते एकट्या त्याच्या नव्हे, सगळ्या घराच्या उपयोगी पडणार आहे.

भीती घालून भागत नाही

मुलांना घाबरवून सोडले की ती सावध राहतात, असा आपला एक समज असतो. २०१७ साली ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाची मोठी दहशत पसरली होती. हा खेळ मुलांना आत्महत्येपर्यंत नेतो असे सांगितले जात होते. शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी एकमेकांना संदेश पाठवले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, ज्या घटनांशी या खेळाचे नाव जोडले गेले त्यांची तपासणी केली असता एकाही घटनेत खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. दरम्यान या खेळाचे नाव ज्या मुलांनी कधी ऐकलेही नव्हते, त्यांना ते मोठ्यांच्या संदेशांतूनच कळले!

याला दुसरीही एक बाजू आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही असे नाही. पण सोबती पाहत असले की त्याचे वागणे बदलते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निरनिराळ्या वयाच्या व्यक्तींना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. काहींना एकटे असताना, काहींना मित्रांसमोर. मित्र जवळ असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. प्रौढांमध्ये मात्र मित्रांमुळे तसा फरक पडला नाही. आता मोबाइलचा विचार करा. त्यावर मित्र सदासर्वकाळ हजर असतात. म्हणून ‘असे करू नकोस’ एवढे सांगणे पुरत नाही. बटण दाबण्याआधी क्षणभर थांबण्याची सवय लावावी लागते, आणि ती सवय कारणे समजल्यावर लवकर लागते.

पुढे दिलेल्या पाठांना संगणक लागत नाही. फळा, खडू, कागद आणि शिक्षकांचा एखादा मोबाइल एवढ्यावर भागते.

पाठ पहिला : पाठवणे म्हणजे प्रत काढणे

पोस्टकार्ड पेटीत टाकले की ते आपल्या हातातून जाते. एका वेळी ते एकाच ठिकाणी असते. ‘पाठवणे’ या शब्दाचा आपल्या मनातला अर्थ पोस्टकार्डापासून आलेला आहे. मोबाइलवरून फोटो पाठवतो तेव्हा मात्र काहीच ‘जात’ नाही. मूळ फोटो आपल्या मोबाइलमध्ये राहतो आणि दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याची नवी प्रत तयार होते. अनेकदा वाटेतल्या संगणकांवर आणि आपोआप होणाऱ्या साठवणीतही प्रती राहतात. एकदाच पाहता येईल असा फोटो पाठवण्याची सोय काही अ‍ॅपमध्ये आहे. पण तो पाहताना समोर दुसरा मोबाइल धरून पडद्याचाच फोटो काढता येतो. त्याला कोणतेही अ‍ॅप अडवू शकत नाही.

प्रयोग : एका मुलाला कागदावर एक छोटे चित्र काढायला सांगा. ते त्याने दोघांना दाखवायचे, त्या दोघांनी आपापल्या कागदावर त्याची नक्कल करून ती आणखी दोघा-दोघांना दाखवायची. अशा तीन फेऱ्या झाल्यावर पहिल्या मुलाला सांगा, ‘आता तुझं चित्र डिलीट कर.’ तो आपला कागद फाडेल. वर्गात किती चित्रे उरली? दोन, चार आणि आठ मिळून चौदा. ज्याने चित्र काढले त्याच्या हाती त्यांतले एकही नाही. डिलीट या शब्दाचा अर्थ मुलांना वेगळा समजावून सांगण्याची मग गरज पडत नाही.

याच पाठाचा दुसरा भाग फोटोत दडलेल्या माहितीचा आहे. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबरच तारीख, वेळ, मोबाइलचे मॉडेल आणि, स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल तर, अक्षांश-रेखांशही असतात. शिक्षकांनी आपल्या मोबाइलवर शाळेच्या आवारात फोटो काढून त्याचा ‘तपशील’ उघडून दाखवावा. हे आकडे फळ्यावर लिहा आणि भूगोलाशी सांगड घाला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. मग दशांश चिन्हापुढचा चौथा अंक किती अंतर दाखवील? १११ किलोमीटर भागिले दहा हजार, म्हणजे सुमारे ११ मीटर. पाचवा अंक सुमारे एक मीटर दाखवतो. आपला वर्ग कोणता, हेही त्यावरून ओळखता यावे! काही अ‍ॅप फोटो पाठवताना ही माहिती काढून टाकतात. पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की ती तशीच जाते.

शिवाय काही माहिती लपवावी लागतच नाही, ती उघडच असते. गणवेशावरचे बोधचिन्ह, मागच्या दुकानाची पाटी, गाडीचा क्रमांक, ‘आज क्लासला जाताना’ अशी ओळ. यांतली एकेक गोष्ट निरुपद्रवी आहे. एकत्र केल्या की मूल कोणत्या शाळेत जाते, कोणत्या वेळी कोठे असते, हे अनोळखी माणसाला कळते. एका काल्पनिक मुलीच्या अशा पाच नोंदी फळ्यावर लिहून वर्गाला ‘गुप्तहेर’ करा. दहा मिनिटांत मुले तिचे वेळापत्रक तयार करतील.

पाठ दुसरा : परवलीच्या शब्दाचे गणित

चार अंकी पिन किती प्रकारे तयार होऊ शकतो? प्रत्येक जागी दहा अंक, म्हणून १० × १० × १० × १० = १०,०००. आता वर्गाला सांगा, ‘अनेक लोक जन्मतारीखच ठेवतात.’ तारीख आणि महिना मिळून चार अंक. अशा शक्यता फक्त ३६६. म्हणजे दहा हजार दारांपैकी चोराला आता ३६६ दारेच ठोठवायची आहेत; आणि वाढदिवस त्याला ठाऊक असेल तर एकच!

पासवर्डलाही हेच गणित लागू पडते. एखाद्या संस्थेच्या संगणकातून पासवर्डची सांकेतिक यादी चोरीला गेली, तर चोर स्वतःच्या यंत्रावर निवांतपणे अंदाज करत बसू शकतो. ते यंत्र सेकंदाला १०० कोटी अंदाज करते असे धरू. सगळ्या शक्यता तपासायला लागणारा वेळ असा येतो :

इंग्रजी लिपीतील ६ छोटी अक्षरे : अर्ध्या सेकंदाहूनही कमी
८ छोटी अक्षरे : सुमारे साडेतीन मिनिटे
८ चिन्हे, पण छोटी-मोठी अक्षरे, अंक आणि खुणा मिळून ९४ चिन्हांतून निवडलेली : सुमारे ७० दिवस
१२ छोटी अक्षरे : सुमारे ३ वर्षे
१६ छोटी अक्षरे : सुमारे १४ लाख वर्षे

घातांक शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. पाया २६ वरून ९४ वर नेला तरी जेवढा फायदा होत नाही, तेवढा घातांक ८ वरून १२ वर नेल्याने होतो. म्हणून लक्षात न राहणाऱ्या चित्रविचित्र खुणांपेक्षा पासवर्डची लांबी महत्त्वाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत खुणांची सक्ती सोडून लांबीवर भर दिला. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले की लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड तयार होतो. मात्र म्हण, गाण्याची ओळ किंवा नाव नको. कारण यंत्र प्रथम माहीत असलेले शब्द आणि वाक्येच तपासते. तसेच एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नये. नाहीतर एक किल्ली हरवली की सगळी दारे उघडतात.

पण येथे थांबलो तर पाठ अर्धवट राहील. चौदा लाख वर्षांचे कुलूप घरातल्या माणसाने स्वतःच उघडून दिले तर त्या गणिताचा काय उपयोग? आज पैसे जातात ते बहुधा पासवर्ड फोडून नव्हे, मागून घेऊन. ‘बँकेतून बोलतोय’, ‘तुमचं वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट कट होईल’, ‘लॉटरी लागली आहे’ असे सांगणाऱ्याला फक्त आपल्या मोबाइलवर आलेले सहा अंक हवे असतात. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. ती आपल्याकडे आली, याचाच अर्थ कोणीतरी या क्षणी दारात उभे आहे.

यूपीआयविषयी एक गोष्ट मुलांनी घरी जाऊन जरूर सांगावी : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ असे कोणी म्हटले की तो पैसे पाठवत नसून काढून घेत आहे. तरीही फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे झपाट्याने फिरवले जातात. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

पाठ तिसरा : पाचाचा पाढा आणि अफवा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात मोबाइलवरून पसरलेले होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने टोळीतले समजून धरले आणि मारून टाकले. मुले पळवणारी टोळी नव्हतीच.

त्या वर्षी देशभर फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसतात. ती मुळात कराचीत बनवलेली जागृतीची फिल्म होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि ‘आपल्या मुलांवर लक्ष ठेवा’ अशा अर्थाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापून टाकला, आणि मुलांच्या रक्षणासाठी बनवलेली फिल्म माणसे मारण्याचे निमित्त ठरली. ती पुढे पाठवणारे बहुतेक लोक दुष्ट नव्हते. त्यांनाही आपल्या मुलांची काळजीच होती. वर्गात ही घटना सांगताना हा मुद्दा सोडू नये. अफवा पसरवणारा तो कोणीतरी वाईट माणूस, आपण नव्हे, असे वाटत राहिले तर या पाठातून काहीच साधणार नाही.

आता गणित. समजा, प्रत्येक जण संदेश पाच नव्या माणसांना पाठवतो. पहिल्या फेरीत ५, दुसरीत २५, तिसरीत १२५. दहाव्या फेरीत ९७,६५,६२५ नवी माणसे. सर्व फेऱ्यांची बेरीज सुमारे १ कोटी २२ लाख. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. दहा पावलांत जवळजवळ सगळी मुंबई!

आता गृहीतक थोडे बदला. संदेश मिळालेल्यांपैकी निम्मेच लोक तो पाच जणांना पाठवतात, निम्मे थांबतात. म्हणजे प्रत्येक फेरीत संख्या पाचपट न होता सरासरी अडीचपट होते. दहाव्या फेरीत नवी माणसे सुमारे १९ हजार. ९७ लाखांवरून १९ हजार! आणि दहातला एकच जण पुढे पाठवतो असे धरले तर? प्रत्येक फेरीत संख्या निम्मी होत जाते : ५, अडीच, सव्वा... बेरीज १० च्या पुढे जातच नाही. सरासरी दहा माणसांत अफवा मरते. करोनाच्या काळात एका रोग्यापासून सरासरी किती जणांना लागण होते, या संख्येविषयी आपण वाचत होतो. तेच हे गणित आहे. येथे सीमारेषा कोणती? पाचातील एकच जण पाठवतो, तेव्हा संख्या वाढतही नाही आणि घटतही नाही. पाचातील चौघांहून अधिक थांबले की अफवा विझू लागते.

हे गणित कंपन्यांनाही पटले. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अर्थात त्यातले एकेक ठिकाण म्हणजे तेव्हा २५६ जणांचा गट असू शकत होता. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल झाला. त्यानंतर असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. दोन बाण असलेला संदेश म्हणजे अनेक हातांतून आलेला, हे मुलांना दाखवावे. तो खरा की खोटा हे बाण सांगत नाहीत. तपासायला हवा, एवढे सांगतात.

तपासायचे कसे? तीन प्रश्न पुरेत. हे कोणी सांगितले? केव्हाचे आणि कोठले आहे? आणखी कोठे ही बातमी आली आहे का? चित्र संशयास्पद वाटले तर चित्रावरून शोध घेण्याची सोय मोबाइलमध्ये असते. तेच चित्र पूर्वी कोठे छापले गेले हे बहुधा सापडते. आणि एक चौथा प्रश्न स्वतःला : हे वाचून मला एकदम राग आला का, भीती वाटली का? तसे असेल तर आधी थांबलेले बरे. ‘खरं असलं तर?’ म्हणून पाठवण्याऐवजी ‘खोटं असलं तर?’ असे विचारायला शिकवणे, हा नागरिकशास्त्राचाच पाठ आहे.

वर्गातल्या छोट्या अफवाही याच नियमाने वाढतात. एखाद्या मुलीचा विचित्र चेहऱ्याचा फोटो काढून त्याचे स्टिकर करणे, मुद्दाम एकाला वगळून गट काढणे, कोणाच्या तरी नावाने खोटे खाते उघडणे. पाठवणाऱ्याला ती एका क्षणाची गंमत वाटते. जिच्याविषयी असते तिच्यासाठी सारा वर्ग एकाच वेळी हसत असतो, आणि घरी गेल्यावरही ते हसणे थांबत नाही. म्हणून साधा नियम : दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पाठवायचा नाही. आणि गटात असा फोटो आलाच तर पुढे न पाठवणाऱ्या चौघांत आपण राहायचे.

पाठ चौथा : ‘कुणाला सांगू नकोस’

हा पाठ सर्वांत अवघड आहे, आणि सर्वांत महत्त्वाचाही.

मुलांना फसवणारा माणूस अक्राळविक्राळ नसतो. तो पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बनून येतो, खेळात मदत करतो, कौतुक करतो, ऐकून घेतो. मग म्हणतो, ‘इथं नको, दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू.’ मग ‘हे आपल्या दोघांतच राहू दे.’ मग एक फोटो मागतो. एकदा फोटो हाती आला की भाषा बदलते : ‘आणखी पाठव, पैसे दे, नाहीतर तुझ्या घरच्यांना दाखवीन.’ हल्ली तर मुलाने काहीही पाठवलेले नसले तरी साध्या फोटोवरून संगणकाच्या साहाय्याने खोटे नग्न चित्र तयार करून धमकावता येते.

आता या धमकीचे बळ कशात आहे, हे नीट पाहू. धमकावणारा बहुधा दूर कोठेतरी असतो. तो मुलाला हात लावू शकत नाही. त्याच्या हातचे हत्यार एकच : मुलाला वाटणारी आपल्याच आईवडिलांची आणि शिक्षकांची भीती. ‘सांगितलं तर मारतील, मोबाइल काढून घेतील, शाळा बंद करतील’ असे मुलाला वाटते. मुलींना तर फारच. मूल जेवढे गप्प, तेवढा तो बळकट. म्हणजे हे हत्यार त्याला नकळत आपणच पुरवतो, आणि म्हणूनच ते काढून घेणेही आपल्याच हाती आहे.

वर्गात हे शब्दांत सांगावे : ‘तुमच्याकडून चूक झाली असली तरी धमकावणारा गुन्हेगार तोच आहे. माझ्याकडे आलात तर मी आधी ऐकून घेईन. रागावणार नाही.’ एकदा सांगून भागत नाही. दर सत्रात सांगावे. पालकसभेत पालकांनाही विनंती करावी की, मूल अडचण सांगायला आले तर त्या दिवशी मोबाइल काढून घेऊ नका. सांगण्याची शिक्षा मिळाली तर ते पुन्हा कधीच सांगणार नाही.

मूल खरोखरच सांगायला आले तर काय करावे?

१. शांतपणे ऐकावे. ‘पाठवलासच कशाला?’ हा प्रश्न विचारू नये.
२. पैसे किंवा आणखी फोटो देऊ नयेत. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते.
३. घाईने सगळे पुसून टाकू नये. खात्याचे नाव, धमकीचे संदेश, तारीख-वेळ यांच्या नोंदी ठेवाव्यात. मग ते खाते ब्लॉक करावे. मात्र मुलाचे आक्षेपार्ह चित्र पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७ ब नुसार तसे करणे हाच गुन्हा ठरू शकतो.
४. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.
५. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन शिक्षकांनी देऊ नये. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. लपवल्यास शिक्षा आहे. खरे तेच सांगावे : ‘ज्यांना सांगणं आवश्यक आहे तेवढ्यांनाच सांगू, आणि काय करतो आहोत ते तुला आधी सांगू.’

पसरलेले चित्र परत मिळवता येत नाही, हे पहिल्या पाठात पाहिले. तरीही काही करता येते. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही सेवा १८ वर्षांखालील असताना काढलेल्या चित्रांसाठी आहे, आणि ती इतर देशांतूनही वापरता येते. तिच्यामागचे तत्त्व गणिताच्या तासाला समजावता येईल. ४५,६७८ ला ९७ ने भागा, बाकी ८८. आता कोणाला फक्त ८८ सांगितले तर मूळ संख्या कोणती होती हे त्याला कळेल का? ८८, १८५, ४५,६७८, काहीही असू शकेल. चित्र म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक प्रचंड संख्याच. तिच्यावरून, याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या रीतीने, एक लांबलचक खूणसंख्या काढतात. ती इतकी लांब असते की दोन वेगळ्या चित्रांची खूण जुळण्याची शक्यता नगण्य. आणि तिच्यावरून चित्र परत तयार होत नाही. खूणसंख्या मुलाच्याच मोबाइलवर निघते आणि तेवढीच पाठवली जाते. चित्र कोणाकडे जात नाही. सहभागी कंपन्या आपल्याकडे तीच खूण असलेले चित्र आढळले तर काढून टाकू शकतात. सगळीकडचे जाईल असे नाही, पण ‘आता सगळं संपलं’ असे वाटणाऱ्या मुलाला एवढा मार्ग आहे हे कळणेही मोठे असते.

शाळेचे स्वतःचे वर्तन

मुले आपल्या बोलण्यापेक्षा वागण्यावरून शिकतात. बक्षीस मिळालेल्या मुलीचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव यांसह शाळा सर्वांना दिसेल असा टाकते, तेव्हा पहिल्या पाठातले सगळे शिकवणे फुकट जाते. नापासांची यादी पालकांच्या गटावर जाते, तेव्हा तिसऱ्या पाठाचेही तेच होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायद्याची वाट न पाहताही शाळेला काही गोष्टी सहज करता येतील. फोटो टाकण्याआधी मुलाला आणि पालकांना विचारावे. नाव आणि फोटो एकत्र देऊ नयेत. शिक्षकांच्या गटावर आलेला न तपासलेला संदेश शिक्षकांनीच तेथे थांबवावा.

हे चार पाठ आठवड्याला एक याप्रमाणे महिन्याभरात होतात. ते झाल्यावर लेखी परीक्षा घेण्याची जरुरी नाही. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यावी आणि स्वतःचे नाव न घालता एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगावे : ‘मोबाइलवर काही विपरीत घडलं तर मी ज्यांना सांगू शकेन असं मोठं माणूस कोण?’ आई, मामा, आजी, वर्गशिक्षिका, कोणीही चालेल. चिठ्ठ्या गोळा करून कोऱ्या किती आल्या ते मोजा. पुढच्या सत्रात पुन्हा मोजा. कोऱ्या चिठ्ठ्यांची संख्या कमी होत गेली, तर आपले शिकवणे योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.